फळमाशी ओळखा, गावाची नोंद ठेवा



उसाच्या पत्रकात फळमाशीचे काय काम, असे काहींना वाटेल. पण आपल्या सभासदांपैकी नुसत्या उसावर प्रपंच चालवणारे थोडेच. निफाड-दिंडोरीकडे उसाच्या शेजारी कारले, दोडका, गिलके, काकडी, भोपळा यांचे मांडव आहेत. बांधावर आंबा आहे, विहिरीजवळ पेरू आहे. उसाचे पैसे हप्त्याहप्त्याने येतात, घरखर्चाला रोजचा पैसा मात्र या मांडवाचा. आणि नेमका तोच माल पाटीत भरताना हातात मऊ लागतो, चिरला की आत पांढऱ्या अळ्या वळवळतात. मग “औषध मारलं होतं की, तरी कसं झालं?” असा प्रश्न गट ऑफिसात येतो.

त्या प्रश्नाचे उत्तर औषधाच्या आधी दोन गोष्टींत आहे. पहिली, माशी कोणती ते ओळखणे. दुसरी, ती कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात, कोणत्या फळातून निघते याची नोंद ठेवणे. या दोन्ही गोष्टी शेतकऱ्याला स्वतः करता येण्यासारख्या आहेत. हा पाठ त्यासाठीच.

१. नोंद नसली तर काय होते

उसाची लागण झाली की आपण गट नंबर, जात, क्षेत्र आणि तारीख लिहून नोंद देतो. नोंद नसलेल्या उसाला तोडणीच्या प्रोग्रामात जागा मिळत नाही. ऊस उभा असतो, पण कागदावर नसतो. किडीचेही असेच आहे. कीड शेतात असते, कागदावर नसते. आणि ज्या दिवशी परदेशातला तपासनीस पेटी उघडतो त्या दिवशी ती प्रथमच कागदावर येते.

जपानने फळमाशीच्या कारणावरून १९८६ पासून आपला आंबा बंद केला, तो २००६ साली पुन्हा सुरू झाला. अमेरिकेचा दरवाजा १९८९ पासून बंद होता. तो २००७ साली उघडला, आणि तो उघडण्यात आपल्या नाशिक जिल्ह्याचा हात होता. लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ पासून आहे. ते उभे राहिले मुख्यतः कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून. पुढे त्याच केंद्रात आंब्याला ४०० ग्रे इतकी विकिरणाची मात्रा देण्यास अमेरिकेने मान्यता दिली. या मात्रेने फळातील अळी जागच्या जागी मरतेच असे नाही. पण तिच्यापासून पुढे वंश वाढवणारी माशी होत नाही, आणि कायद्याला तेवढे पुरते.

त्यानंतरही धडा संपला नाही. युरोपात २०१३ साली भारतातून गेलेल्या २०७ खेपांत फळमाश्या आणि इतर किडी सापडल्या. परिणामी १ मे २०१४ पासून आंबा, वांगी, अळू, कारले आणि पडवळ या पाच मालांना युरोपीय संघाने बंदी घातली. आंब्यावरची बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. ही यादी पुन्हा वाचा. कारले आणि पडवळ कोकणातल्या बागायतदाराचे नव्हेत, ते आपल्यासारख्याच्या मांडवावरचे आहेत. कोणा एकाच्या मळ्यातली अळी पेटीत गेली आणि दार सगळ्यांचे बंद झाले. सहकारात जसा फायदा वाटून येतो तसा तोटाही वाटूनच येतो.

२. माशी म्हणजे नेमके काय

बोलीत आपण उडणाऱ्या पुष्कळ जिवांना माशी म्हणतो. उसावरची पांढरी माशी ही शास्त्राप्रमाणे माशी नाहीच. ती चार पंखांची, रस शोषणारी कीड असून माव्याच्या नात्यातली आहे. मधमाशी आणि गांधीलमाशी यांनाही चार पंख. खऱ्या माशीला पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक गोळेदार दांड्या असतात, त्या तिचा तोल सांभाळतात.

फळमाशी घरमाशीएवढी किंवा किंचित लहान, पण दिसायला सडपातळ. पोट मुळाशी निमुळते, रंग तांबूस-पिवळा किंवा काळपट, अंगावर पिवळे पट्टे. त्यामुळे पुष्कळजण तिला लहान गांधीलमाशी समजून सोडून देतात. पंख मोजले की संशय फिटतो. पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी बारीक चिलटे ही वेगळी. ती सडलेल्या फळावर येतात. आपली शत्रू चांगल्या, घट्ट फळाला डंख मारते.

आणि प्रत्येक माशी शत्रू असते असेही नाही. २००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा आला आणि पाहता पाहता राज्यभर पसरला, ते जुन्या सभासदांना आठवत असेल. त्या माव्याचा फडशा पाडणाऱ्या मित्रकिडींत डिफा आणि मायक्रोमस यांच्याबरोबर सिरफिड माशीच्या अळ्याही होत्या. तेव्हा दिसली माशी की मार, हा नियम चालणार नाही. आधी ओळख, मग कारवाई.

३. चार बहिणींची ओळख

हातात दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. मेलेली माशी पांढऱ्या कागदावर ठेवा. तीन जागा पाहायच्या: पाठ, पंख आणि पोट.

आंब्याची माशी (बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस): पाठ बहुतेक काळी, दोन्ही बाजूंना एकेक पिवळा पट्टा. पंख स्वच्छ, फक्त पुढच्या कडेने बारीक काळसर रेघ टोकापर्यंत अखंड गेलेली. पोटावर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी काळी खूण. आंबा आणि पेरू ही हिची आवडती फळे; पण यजमान फळांची यादी फार मोठी आहे.

पेरू-बोराकडची तांबूस माशी (बॅक्ट्रोसेरा झोनाटा): अंग काळे नसून तांबूस. पंखाच्या कडेची रेघ अखंड नसते, टोकाला फक्त एक ठिपका दिसतो.

पेरूची दुसरी माशी (बॅक्ट्रोसेरा करेक्टा): पंखाच्या टोकाला हिलाही ठिपका असतो, पण पाठ काळी. तोंडावर समोरून पाहिल्यास दोन काळे आडवे डाग जवळजवळ जुळलेले दिसतात.

वेलाची माशी (झ्यूगोडॅकस कुकुर्बिटी): तांबूस अंग. पाठीवर दोन बाजूंना दोन आणि मध्ये एक, असे तीन पिवळे पट्टे. पंखावरची रेघ रुंद, टोकाला पसरलेली, आणि पंखातील आडव्या शिरेवरही काळसर छटा. कारले, दोडका, काकडी, भोपळा यांची ही मुख्य वैरीण. हिचे मूळ आपल्याच बाजूचे मानतात. पण शास्त्रीय नाव मिळाले ते १८९९ साली, हवाई बेटांतील नमुन्यांवरून.

ध्यानात ठेवायला सोपे: दोन पट्टे झाडाची, तीन पट्टे वेलाची. मात्र हा नियम रानातल्या पहिल्या निवडीपुरता. तीन पट्ट्यांच्या आणखीही जाती आहेत. शेवटचा निकाल तज्ज्ञाचाच.

जुनी पुस्तके वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा. या माश्या तेथे ‘डॅकस’ या नावाखाली आहेत. नावे बदलली, माश्या त्याच. नावाचा घोळ किती महागात पडतो याचे उदाहरण आफ्रिकेत घडले. २००३ साली केनियात आंब्यावर एक परकी माशी सापडली. २००५ साली तिला नवी जात म्हणून ‘इन्व्हेडन्स’ हे नाव दिले गेले आणि त्या नावावर निर्यातीचे निर्बंध लागले. पुष्कळ अभ्यासानंतर २०१५ साली ठरले की ती आपली आंब्याची माशीच आहे. दहा वर्षे एकाच किडीची दोन नावे चालली.

४. फळाच्या आत काय चालते

मादी टोकदार अवयवाने सालीखाली अंडी घालते. डंखाच्या जागी बारीक भोक पडते, कारल्या-काकडीवर तेथे चिकट थेंब सुकतो आणि फळ वाकडे होते. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात. अळी साधारण आठवडाभर गर खाते. पूर्ण वाढली की बाहेर पडून जमिनीत दोन-तीन बोटे खोल शिरते आणि तेथे तांबूस गव्हाच्या दाण्यासारखा कोष करते. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत त्यातून माशी निघते. थंडीत हाच काळ लांबतो. निफाडचा पारा हिवाळ्यात किती खाली जातो ते वर्तमानपत्रांत दरवर्षी छापून येते, तेव्हा आपल्याकडे माशी कोणत्या आठवड्यात मंदावते आणि कोणत्या आठवड्यात पुन्हा उठते, हे सातारा-सांगलीच्या अंदाजावरून सांगता येणार नाही. आपली नोंद आपल्यालाच ठेवावी लागेल.

येथे फवारणी का फसते तेही कळते. अंडी आणि अळी सालीच्या आत, कोष मातीत. फवारा बसतो तो फक्त पानावर टेकलेल्या माशीवर; आणि माशी शेजारच्या रानातून परत येते.

अळी पाहूनही निम्मी ओळख होते. फळमाशीची अळी पांढरी, एका टोकाला निमुळती, तिला पाय नाहीत आणि वेगळे डोकेही नाही. डाळिंबात पाय आणि स्पष्ट डोके असलेली अळी निघाली तर ती फुलपाखराची. माशीच्या खात्यावर तिची नोंद करू नये. बागलाण-देवळ्याकडील सभासदांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

५. सापळा काय सांगतो आणि काय सांगत नाही

सापळ्याची गोष्ट आपल्याच देशात सुरू झाली. बिहारात पुसा येथे हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. डास येऊ नयेत म्हणून वापरलेल्या सिट्रोनेला गवताच्या तेलाकडे फळमाश्या ओढल्या जातात, आणि त्या सगळ्या नर असतात, हे त्यांनी १९१२ साली प्रसिद्ध केले. पुढे १९१५ साली त्या ओढीचे कारण असलेले मिथिल युजेनॉल हे द्रव्य त्यांनी पुढे आणले. तुळशीतही ते थोडेफार असते, म्हणून तुळशीच्या रसाचे सापळे काही ठिकाणी लावतात. आंब्याची माशी आणि पेरूच्या दोन्ही माश्या यांचे नर या वासाला येतात. वेलाच्या माशीचा नर येत नाही. त्याला ‘क्यू ल्यूर’ लागते. कारल्याच्या मांडवात मिथिल युजेनॉल टांगून “सापळ्यात माशी भरली, तरी कारली किडतातच” म्हणणारे सभासद आम्हाला भेटतात. भरली ती माशी दुसरीच होती!

काही माश्या दोन्हीला दाद देत नाहीत. वेलवर्गावरची लहान माशी (डॅकस सिलिएटस) यांतल्या कोणत्याच वासाला येत नाही. बोरावरची ठिपकेदार पंखांची माशी (कार्पोमिया व्हेसुव्हियाना) वेगळ्या कुळीची. तिच्यासाठीही या सापळ्यांवर विसंबू नये. म्हणून रिकामा सापळा म्हणजे माशी नाही, असे होत नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. मिथिल युजेनॉलचा वास नराला लांबून खेचतो. तेव्हा भरलेला सापळा एवढेच सांगतो की या परिसरात ही माशी आहे. ती तुमच्याच पेरूत वाढली की शेजारच्या गावातून आली, हे सापळा सांगू शकत नाही. त्यासाठी फळातूनच माशी काढावी लागते.

६. फळातून माशी काढण्याची रीत

डंखलेली पाच-सहा फळे घ्या. एका बरणीत एकाच जातीची, एकाच शेतातील फळे. तळाशी चार बोटे कोरडी, चाळलेली वाळू. तोंडावर पातळ फडके घट्ट बांधा. बरणी सावलीत, मुंग्या चढणार नाहीत अशी ठेवा. चिठ्ठी त्याच दिवशी लावा. उद्या लावू म्हटले की कोणती बरणी कोणाची ते कळत नाही.

दोन-तीन आठवड्यांत माश्या निघतील. लगेच मारू नका. ताजी निघालेली माशी फिकट असते, खुणा उमटलेल्या नसतात. दोन-तीन दिवस कापसाच्या बोळ्यावर साखरेचे पाणी द्या. आपल्या घरी साखरेला तोटा नाही! रंग पक्का झाला की स्पिरिटच्या बाटलीत टाका. आत टाकायची चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते आणि नमुना बेवारस होतो.

सापळ्यासाठी प्लॅस्टिकची बाटली, बाजूला भोके, आत वासाची वडी, तळाशी साबणाचे पाणी एवढे पुरते. तयार सापळेही मिळतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा त्यांपैकी एक. दोन प्रकारच्या वड्या एकाच हाताने हाताळू नका. वास मिसळला की नोंद खोटी ठरते. जुन्या पत्रकांत सापळ्यात डायक्लोरव्हॉस टाकायला सांगितलेले आढळेल. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, वापरू नका.

७. नोंद कशी लिहावी

एका ओळीत एक नोंद. रकाने असे:

१) तारीख. २) गाव व गट नंबर. ३) पीक, आणि सापळ्याभोवती शंभर पावलांत दुसरे कोणते पीक आहे ते. ४) सापळा की बरणी, सापळा असल्यास कोणता वास. ५) सापळा किती दिवस टांगला. ६) माश्यांची संख्या, जातीवार. ७) आठवड्यात पाऊस झाला का. ८) नोंद करणाऱ्याचे नाव.

संख्या नुसती सांगून उपयोग नाही. एकाने सात दिवसांनी मोजले, दुसऱ्याने पंधरा दिवसांनी, तर तुलना कशी व्हायची? म्हणून ‘दर सापळा, दर दिवस’ असा हिशेब करतात. समजा, ४ सापळे ७ दिवस टांगले आणि एकूण ८४ माश्या मिळाल्या. ४ गुणिले ७ म्हणजे २८. ८४ भागिले २८ म्हणजे ३. दर सापळ्याला दर दिवशी ३ माश्या. उसाचे एकरी टन काढतो तसेच हे आहे.

शून्यही लिहा. “काहीच सापडलं नाही, मग काय लिहायचं?” असे कोणी म्हणू नये. न लिहिलेला आठवडा आणि माशी नसलेला आठवडा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नकाशावर रिकामी जागा दिसते तेव्हा तेथे माशी नाही की पाहणारा नाही, हे शून्यावरूनच कळते.

तिसऱ्या रकान्याविषयी थोडे अधिक. वेलाची माशी दिवसभर मांडवात राहत नाही. मका, एरंड अशा उंच, दाट पिकांत ती विसावते आणि अंडी घालायला मांडवात येते, असे अनेक देशांतील अभ्यासात दिसले आहे. म्हणूनच आमिष कडेच्या पिकावर फवारतात. आपल्या मांडवाच्या कडेला बहुधा ऊस असतो. आपल्याकडे माशी त्यात कितपत विसावते, हे पाहण्यासारखे आहे. आणि ते पाहायला ऊस उत्पादकापेक्षा योग्य माणूस कोण? सकाळी आणि दिवस मावळताना कडेच्या चार सरींत पानाच्या खालून पाहा, आणि जे दिसेल ते लिहा.

८. नोंदीने काय साधते

जपानच्या ओकिनावा बेटांवर वेलाची हीच माशी होती. वांझ केलेले नर लक्षावधींनी सोडून त्यांनी १९९३ पर्यंत ती सर्व बेटांवरून नाहीशी केली. कोठे किती नर सोडायचे, कोठे काम पुरे झाले, हे त्यांना सापळ्यांच्या आकड्यांनी सांगितले. आपण काही बेटावर राहत नाही, माशी समूळ जाईल असे आश्वासन कोणी देऊ नये. पण आपल्या हातात एवढे नक्की आहे: कोणत्या आठवड्यात माशी वाढते ते कळले तर त्याच्या आधी संपूर्ण शिवाराने एकाच वेळी सापळे लावता येतात. कोणत्या फळातून ती प्रथम निघते ते कळले तर तेवढी फळे आधी गोळा करता येतात.

तोपर्यंतची कामे ठाऊक आहेत, पण होत नाहीत. गळलेली आणि डंखलेली फळे रोज वेचावीत. ती बांधावर किंवा उकिरड्यावर फेकू नयेत. फेकलेले फळ म्हणजे माशीचे नवे बियाणे. दीड-दोन फूट खोल पुरावीत किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून उन्हात ठेवावीत. झाडाखालची माती हलवून कोष उन्हाला आणावेत. फळे जाळीदार किंवा कागदी पिशवीने झाकणे शक्य असेल तेथे झाकावीत. आमिषात कोणते कीटकनाशक चालते याबाबत राहुरी विद्यापीठाची चालू शिफारस कृषी विज्ञान केंद्रात विचारूनच घ्यावी.

एकट्याने केले तर शेजाऱ्याच्या पेरूखालून माशी पुन्हा येते. ही कीड बांध ओळखत नाही. ज्या शिवारात पाण्याच्या पाळ्या एकमेकांना सांभाळून लावता येतात, त्या शिवारात फळे वेचण्याची पाळीही लावता येईल.

नोंदपत्रके गट ऑफिसात ठेवली आहेत. लागणीची नोंद द्यायला येताना ती घेऊन जावीत, भरलेली चिटबॉयजवळ द्यावीत. शंकेचे नमुने आम्ही एकत्र करून कृषी विद्यापीठाकडे पाठवू. तेथेही निकाल न लागल्यास बंगळूर येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोकडे विचारता येईल. दर महिन्याच्या अंकात गाववार आकडे छापण्याचा विचार आहे. ज्या गावाची ओळ कोरी राहील, त्या गावाच्या सभासदांनी तिचा अर्थ स्वतःच लावावा.

— शेतकी विभाग